कारवान्यांची डोळेवाली

"मालक, जरा वर बघा."

आमच्या अंगणात तिनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. माझे धाकटे दीर खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली, टोपी नीट केली आणि रुबाबात म्हणाले, "बोला की." बाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती कुत्र्याशी बोलत होती.

तिचं सगळं असंच होतं. कुत्र्याला ती 'मालक' म्हणायची, कुत्रीला 'मालकीणबाई', आणि ज्याच्या हातात साखळी असेल तो तिच्या लेखी नुसता 'पावणा'. मोठ्या गाडीतून आलेल्या, गळ्यात सोन्याचा गोफ असलेल्या एका बागायतदाराला तिनं कोपरानं बाजूला सारलेलं मी बघितलंय. "पावणं, सरा जरा. मालकांच्या अंगावर तुमची सावली पडतीय." तो गडी निमूट सरला. असं माणूस तुमच्याही बघण्यात असेल. ते बोलायला लागलं की आपण का ऐकतो ते आपल्याला कळत नाही, पण ऐकतो.

ती जनावरांची डॉक्टर होती, आणि त्यातही डोळ्यांची. जनावरांच्या डोळ्यांना वेगळा डॉक्टर असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. मी चौथी शिकलेली. माझ्या डोळ्यांना चष्मा लागला तोही मी जत्रेतल्या गाड्यावरून घेतलेला. कोल्हापुरात तिचा दवाखाना होता. घराणं जैन, शिरोळकडचं, ऊस आणि भाजीपाला करणारं. अंगानं आडवी, आवाज मळ्यातून हाक मारल्यासारखा, ओढणी कायम कमरेला बांधलेली. मला पहिल्या दिवसापासून तिनं 'आक्का' केलं, आणि रागावली की तोंडातून कन्नड यायचं, जे मला निम्मं कळायचं आणि निम्मं कळलं नाही तेच बरं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम होता. चार वाजले की ती उन्हाकडं बघायला लागायची.

आता आमच्या कुत्र्यांचं सांगते. आमच्या घरात कारवानी कुत्री आहेत. निमुळतं तोंड, खोल छाती, कंबर एवढी बारीक की दोन हातांच्या ओंजळीत मावावी. माझ्या सासऱ्यांनी ही जात धरली, माझ्या नवऱ्यानं वाढवली. पूर्वी ती सशामागं धावायची. आता शिकारीला बंदी आहे, ती बरोबरच आहे. आता ती उसाची राखण करतात आणि प्रदर्शनात मिरवतात. पण आमच्या घरचं पिल्लू मिळावं म्हणून अजून लोक कबनूरपासून शाहूवाडीपर्यंतचे येतात. ज्या घरी पिल्लू दिलं ते घर आमचं सोयरं. त्यांच्या लग्नाला आम्ही जातो, आमच्या बारशाला ते येतात. ही आमच्या सासऱ्यांनी पाडलेली रीत.

त्यांनीच आणखी एक रीत पाडली होती. पिल्लं वर्षाची झाली की दिवेलागणीला अंगणात उभी करायची आणि त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची. ज्याचा डोळा सगळ्यांत जास्त पेटेल ते घरी ठेवायचं. जोड लावायची ती त्याचीच. सासरे म्हणायचे, डोळ्यात निखारा पाहिजे.

सर्जाच्या डोळ्यांत निखारा नव्हता, भट्टी होती. बॅटरी मारली की हिरवट पिवळा जाळ उठायचा. बघणारा माणूस एक पाऊल मागं सरायचा. त्याच्यासारखा डोळा आमच्या दारात आधी झाला नव्हता.

तर पुण्याच्या एका माणसाला सर्जाचं पिल्लू पाहिजे होतं. त्यानं फोनवर सांगितलं, आधी आई-बापाचे डोळे, काळीज, गुडघे तपासून घ्या, मग बोलू. दीर हसून हसून खाटेवरून पडायचे राहिले. "वहिनी, आपल्या लग्नात तरी कुणी गुडघं तपासलं व्हतं का?" मी म्हटलं, "तपासलं असतं तर तुमचं झालंच नसतं." दिरांचे गुडघे तिशीतच गेले होते. तर त्या पुण्याच्या माणसानं पाठवली म्हणून ही बाई आमच्या दारात आली होती.

तिनं आधी सर्जाच्या छातीला नळी लावून काळीज ऐकलं. मग दात बघितले, कान बघितले, एकेक पाय धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. दर वेळी त्याला सांगून. "मालक, आता डावा पाय घेते. राग येऊ द्यायचा न्हाय." सर्जा परक्याला अंगाला हात लावू देत नव्हता. तिच्यापुढं तो लहान पोरासारखा उभा राहिला.

"सगळं चांगलं हाय," ती म्हणाली. "आता डोळे."

"डोळ्याचं काय बघायचं बाई?" दीर उठले. आत जाऊन बॅटरी घेऊन आले, गोठ्याच्या काळोख्या कोपऱ्यात सर्जाला उभा केला आणि झोत टाकला. "हे बघा. कोल्हापूर जिल्ह्यात असा डोळा दाखवा, मी मिशी काढीन."

ती बघत राहिली. एवढी बडबडी बाई, पण काही बोलली नाही. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. जनावर असो की माणूस, डॉक्टर गप्प झाला की समजावं.

मग तिनं आमची वैरणीची खोली बंद करायला लावली. खिडकीला पोतं, दाराच्या फटीत चिंध्या. सर्जाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत माझ्याकडून चहा घेतला, आणि मग कपाळाला दिवा बांधून, हातात एक जाड भिंग धरून आत गेली. आम्ही बाहेर. आतून तिचा आवाज, "मालक, वर. मालक, माझ्याकडं. शाबास." बराच वेळ लागला.

बाहेर आली ती मला म्हणाली, "आक्का, एक परात आणा. आणि एक मलमलचं फडकं."

मी आणली. तिनं घासलेली परात भिंतीला उभी केली, तिच्यावर फडकं टाकलं आणि दिरांच्या हातातली बॅटरी घेऊन झोत मारला. फडक्यातून मंद उजेड परतला. मग तिनं फडकं ओढून काढलं. परात अशी लखाखली की आमचे डोळे मिटले.

"कुत्र्याच्या डोळ्यात मागं अशी परात असते," ती म्हणाली. "तिच्यावर पडदा असतो. बघायचं काम पडदा करतो, परात न्हाय. पडदा विरत चालला की परात उघडी पडते. थोडी चमक सगळ्याच कुत्र्यांच्या डोळ्यांत असते, त्यात वावगं काय न्हाय. पण ही चमक थोडी न्हाय. पावणं, तुम्ही आजवर परात बघून जोड लावत आलाय."

दिरांना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. सर्जा आंधळा होत होता.

"खोटं हाय," दीर ओरडले. "सगळं दिसतंय त्येला! तुमच्या भिंगात काय तरी बिघाड हाय."

"दिवसा दिसतंय. रात्री?"

रात्री सर्जा अंगणाबाहेर पडायचा नाही. आम्ही म्हणायचो, खानदानी आहे, उगाच हिंडत नाही. आणि आमच्या रानात पुरता अंधार तरी कधी होतो? कागलच्या एमआयडीसीचे दिवे लागले की आमच्या बांधावर चांदणं पडल्यासारखं असतं. त्या उजेडात सर्जाचं निभत होतं. डॉक्टरीणबाईनं वैरणीच्या खोलीत दोन पाट्या आणि एक स्टूल आडवं टाकलं, दार लोटून घेतलं आणि पलीकडच्या टोकाला दिरांना उभं करून हाक मारायला लावली. सर्जा हाकेसरशी धावला आणि स्टुलावर छातीनं आदळला. मग पाटीवर. दीर आतून बाहेर आले ते तोंड फिरवून विहिरीकडं निघून गेले.

"औषध?" मी विचारलं.

"न्हाय आक्का. हे रक्तातून येतंय. त्याला दुखत न्हाय, तो मजेत जगंल. पण त्याची जोड लावायची न्हाय. आणि ज्यांना ज्यांना त्याची पिल्लं दिली, त्याच्या भावंडांची पिल्लं दिली, ती सगळी मला बघायची हायत."

"सगळ्यांत तेच निघालं तर?"

"तर ही जात हितंच थांबवायची." तिनं हे सांगताना आवाज खाली आणला नाही. मला ते आवडलं. बाकीच्यांनी मला समजावत बसून वेळ घालवला असता.

माझ्या सासऱ्यांचं घर पडलं, जमिनीचे चार वाटे झाले, नवरा गेला. राहिली होती ती ही कुत्री. ती माझ्या हातात संपणार की नाही, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, बघूया तर. अर्धवट माहिती मला पचत नाही.

मी सोयऱ्यांना आवतण धाडलं. फोन केले, आणि जवळच्या घरी हळदीकुंकवाच्या अक्षता पाठवल्या, कारण नुसत्या फोनवर आमच्याकडं कुणी हलत नाही. डॉक्टरीणबाईला हे कळल्यावर ती दवाखान्यातून फोनवर एवढ्यानं हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आक्का, लगीन हाय का काय?"

"बघायचा कार्यक्रमच हाय की," मी म्हटलं. "पोरगी, पोरगा दोन्ही बघायचंय. तूच बघणार, तूच पसंत करणार."

रविवारी आमच्या रानात गर्दी झाली. मोटारसायकलच्या टाकीवर बसवून आणलेली कुत्री, रिक्षातून आणलेली, एक तर चक्क सायकलच्या मागं धावत आलेलं. कुत्री एकमेकांवर गुरगुरतायत, माणसं एकमेकांना ओळखी देतायत. "तुमचं कुणाचं? सर्जाचं का त्येच्या बहिणीचं?" "म्हणजे आमच्या वाघ्याचं तुम्ही मामा लागताय की!" मी भाताचा हंडा चढवला होता. एवढी माणसं माझ्या नवऱ्याच्या तेराव्यालाही आली नव्हती.

अडचण एकच झाली. वैरणीच्या खोलीत नवा कडबा भरलेला होता, पार आढ्यापर्यंत. एवढी कुत्री अंधारात बघायची कुठं? कबनूरचा एक यंत्रमागवाला सोयरा होता, त्यानं आपली कुत्री सुताचे कोन वाहायच्या बंद टेम्पोतून आणली होती. डॉक्टरीणबाईनं टेम्पोच्या मागच्या दारातून आत डोकं घातलं, दार ओढून घेतलं, आणि आतून आरोळी आली, "अगदी काळाकुट्ट! पावणं, हा टेम्पो माझा!"

मागवाला म्हणाला, "बाई, संध्याकाळी माल भरायचाय."

"माल उद्या. आज मालक."

मग रांग लागली. झाडाखाली थेंब टाकायचे, बाहुली मोठी झाली की टेम्पोत चढवायचं. दार बंद. आतून तिचं "मालक वर, मालकीणबाई इकडं." बाहेर सगळी माणसं श्वास धरून. मग दार फटीएवढं उघडायचं, तिचा हात बाहेर यायचा. हात उताणा म्हणजे स्वच्छ. पालथा म्हणजे नाही. ही खूण तिनंच ठरवली होती, कारण ओरडून सांगितलं तर आतलं जनावर दचकतं.

पहिला हात पालथा. दुसरा पालथा. तिसऱ्याला मागवाल्याची कुत्री गेली. दार उघडलं, हात आला, थोडा थांबला आणि पालथा झाला. मागवाल्यानं टेम्पोच्या पत्र्यावर मूठ आपटली. आतून ओरड आली, "पावणं! मालकीणबाई घाबरत्यात!" पुढं एक कागलकडचं कुत्रं आलं, त्याच्या वेळी हात उताणा आला आणि सगळ्या रानानं आरोळी ठोकली, शिट्ट्या झाल्या, दिरांनी टोपी उडवली. पण मागून कळलं ते आमचं नव्हतंच. गर्दी बघून कुणी तरी आपलं कुत्रं फुकट तपासून घेतलं होतं. दिरांनी त्याला बांधापलीकडं घालवला, पण जेवण घालून.

दुपार कलली. आमच्या रक्तातली सगळी कुत्री संपली. एकही हात उताणा आला नाही.

ती टेम्पोच्या फळीवर येऊन बसली. कपाळावर दिव्याच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता. घामानं भिजली होती. दीर बोलत होते, रडणारा माणूस बोलतो तसे. "आमच्या बाऽनं काय कमी केलं न्हाय बघा बाई. निवडून निवडून ठेवली. मंद डोळ्याचं एक जनावर दारात ठिवलं न्हाय आम्ही. एक न्हाय!"

तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच खाली आला.

"काय म्हणालात पावणं?"

"मंद डोळ्याचं ठिवलं न्हाय म्हटलं."

"मग ती कुठं गेली?"

"दिली की. डोंगरात. तिकडं चालतंय कसलं बी."

ती फळीवरून उडी मारून उतरली. एवढी आडवी बाई, पण उडी पोरीसारखी. "आक्का! सर्जाबरोबरचं मंद डोळ्याचं कोण हुतं?"

मी आठवलं. सर्जाची सख्खी बहीण. बॅटरी मारली की डोळा नुसता मिणमिणायचा, म्हणून दिरांनी तिचं नावच मिणी ठेवलं होतं. शाहूवाडीच्या डोंगरात हौसाबाई म्हणून भातशेती करणारी एक बाई आहे, तिचं भात रानडुकरं उकरत होती, ती आली आणि मिणीला घेऊन गेली. कौतुकानं नव्हे, आम्हाला नको होती म्हणून दिली. तिला आम्ही आवतणसुद्धा धाडलं नव्हतं. मंद डोळ्याचं काय बघायचं?

"तेवढंच तर बघायचंय!" डॉक्टरीणबाई ओरडली. "टेम्पो काढा!"

मागवाल्याचा माल राहिला तो राहिलाच. पुढं तो, मी आणि ती. मागं रिकाम्या पत्र्यावर दीर. रस्त्यात मी तिला आठवण केली, "बाई, दिवस मावळायच्या आत तुझं जेवण." तिनं उन्हाकडं बघितलं, मागवाल्याच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाली, "दाबा पावणं."

डोंगरातला रस्ता नुसता वळणावळणांचा. हौसाबाईच्या दारात पोचलो तेव्हा दिवस डोंगराआड जाऊन अंधार पडला होता. आमच्याकडं अंधार होतो तो राखेसारखा करडा असतो. तिकडचा काजळीसारखा. मला माझा हात दिसेना. टेम्पोचा आवाज ऐकून खालच्या खाचरातून काहीतरी भुंकत निघालं. भुंकण्यावरनं कळत होतं, बांध, ओढा, दगडांची भिंत, सगळं ओलांडत ते थेट आलं, कुठं अडखळलं नाही, कुठं आदळलं नाही, आणि आमच्यापुढं येऊन उभं राहून गुरगुरायला लागलं.

"मिणी," दीर पुटपुटले.

डॉक्टरीणबाईनं माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. "आक्का, बघितलंत? ह्या अंधारात! पण न्हाय. बघितल्याशिवाय मी बोलत न्हाय."

हौसाबाई दारात येऊन विचारायला लागली, "कोण पावणं? काय झालंय? कुत्रीनं काय केलं का?"

"मावशी, आधी एक अंधारी खोली द्या."

"अंधारी? अगं बाई, दुपारपासनं वीज न्हाय. सगळं घरच अंधारी हाय. कुठली पाहिजे ती घे."

आम्ही ओसरीवर बसलो. थेंब टाकले, वाट बघितली. मागवाला नखं खात होता. दीर देवाचं नाव घेत नव्हते, शिव्या देत होते, पण बारीक आवाजात, देवाचं घ्यावं तसं. आतून "मालकीणबाई, वर. आता दुसरा." मग पहिल्या डोळ्याकडं पुन्हा. आम्हाला वाटलं, आता संपलं.

दार उघडलं. हात आला नाही. ती सगळीच बाहेर आली, कपाळावरचा दिवा तसाच चालू, आमच्या तोंडावर झोत.

"स्वच्छ! दोन्ही! असा पडदा मी वर्षात बघितला न्हाय! आक्का, स्वच्छ!" आणि तिनं मला धरून गोल फिरवलं. मला गुडघ्यांचा त्रास आहे, मी सांगत होते, पण ऐकते कुठं. मागवाल्यानं दिरांना उचललं. हौसाबाई म्हणत होती, "अगं, पण झालंय काय?" तिला नीट सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डोळं चांगलं हायत एवढंच ना? ते मला विचारलं असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. रात्रीची डुकरं काय कान लावून धरतीया ती?"

डॉक्टरीणबाई हसत हसत खाली बसली. पण लगेच बोट वर. "एक ऐका. डोळे स्वच्छ म्हणजे रक्त स्वच्छ असं न्हाय. आतनं लपून असू शकतंय. म्हणून हिची जोड घरातली न्हाय, बाहेरची. मी बघितलेला नर. आणि पिल्लं दरवर्षी बघायची. एक वर्ष बघून सोडलं तर मी तुमच्या दारात येणार न्हाय."

हौसाबाईनं भाकरी, नाचणीची आंबील, वाल वाढले. डॉक्टरीणबाई नुसती बसली, पाणीसुद्धा नाही. हौसाबाईला वाईट वाटलं. मी मात्र जेवले, दोनदा वाढून घेतलं. तिचा नेम तिच्यापाशी, माझी भूक माझ्यापाशी.

नर तिनंच शोधला, कर्नाटकच्या सीमेपलीकडचा. त्याचं काळीज, गुडघे, डोळे बघून. मिणीला बाळंतपणाला माहेरी आणली. दीर तिला आता वहिनीबाई म्हणायचे बाकी होते. पिल्लं झाली ती सहा. दोन महिन्यांची असताना डॉक्टरीणबाईनं त्यांचे डोळे बघितले, जन्मापासूनचा काही दोष नाही म्हणाली, आणि पुढचं एक वर्षानं कळेल म्हणाली. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते विचारू नका. एखादं पिल्लू दाराला धडकलं की दिरांचा चेहरा पडायचा, मग कळायचं ते खेळताना धडकलं.

वर्ष भरत आलं आणि तिचा फोन आला. कर्नाटकात लांब दक्षिणेला एका मोठ्या कॉलेजात तिला शिकवायला बोलावलं होतं. जनावरांचे डोळे बघणारे डॉक्टर तयार करायला. ती जाणार होती. सामान आधीच गेलं होतं. "आक्का, गाडी हायवेनंच जातीय. तुमच्या फाट्यावर थांबते. पण घरी यायला वेळ न्हाय. पिल्लं घेऊन रस्त्यावर या."

आम्ही आलो. ऐन दुपार, मार्च संपलेला, डांबर तापलेलं. बाजूनं ट्रक धडधडतायत. पिल्लांच्या डोळ्यांत थेंब मी आधीच टाकून आणले होते, तिनं फोनवर सांगितलं होतं तसे. ती उतरली. कॉलेजात जायचं म्हणून चांगली साडी नेसली होती. तिनं कपाळाला दिवा बांधला, इकडं तिकडं बघितलं. तिथं अंधार कुठला? नुसतं ऊन. दिरांच्या खांद्यावर घोंगडं होतं. तिनं ते ओढून घेतलं, बाभळीखाली मातीत बसकण मारली, एक पिल्लू मांडीत घेतलं आणि दोघांच्या डोक्यावरून घोंगडं ओढलं.

लोक गाड्या थांबवून बघायला लागले. कुणाला वाटलं अपघात झालाय. रस्त्याकडंला एक काळं घोंगडं, खालून साडीचे काठ, दुसरीकडून एक शेपूट, आणि आतून आवाज, "मालक, वर. अवो, नाक चाटू नका, डोळा दाखवा." एक ट्रकवाला उतरून विचारायला लागला, "क्या हुआ माँजी?" मी म्हटलं, "डॉक्टर हाय. गप उभा ऱ्हा."

घोंगड्याखालून हात बाहेर यायचा. उताणा. पुढचं पिल्लू आत. उताणा. ट्रकवाल्याला काही कळत नव्हतं, पण तिसऱ्या उताण्या हाताला तोही टाळ्या वाजवायला लागला. चौथा उताणा. पाचव्याच्या वेळी हात आला आणि मध्येच आडवा राहिला, ना उताणा ना पालथा. "हिचं सांगता येत न्हाय. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. तोवर हिची जोड न्हाय." सहावा उताणा.

दीर रस्त्यातच बसले आणि पोरांसारखे रडले. मला रडायला येत नाही, मी पिल्लं मोजली.

तिनं घोंगडं बाजूला केलं. केस विस्कटलेले, तोंड घामानं न्हालेलं, साडीला लोकर चिकटलेली. आत एवढा वेळ काळोखात बसून त्या उन्हात एकदम बाहेर आली, तर तिला काहीच दिसेना. डोळे घट्ट मिटून ती उभी राहिली आणि हात पुढं करून चाचपडायला लागली. हसत होती. "आक्का, कुठं आहात? आणि गाडी कुठं हाय?"

मी तिचा हात धरला. दगड आहे म्हटलं, पाय उचल. आता रस्ता आला. तिला दारापाशी नेऊन डोकं खाली करून आत बसवली. गाडी सुटली तेव्हाही तिचे डोळे मिटलेलेच होते. खिडकीतून हात तेवढा बाहेर होता, उताणा.